दामल्यांच्या परातीतला सिग्नल

उपेंद्र दामले हा वेगाचा तज्ज्ञ होता. हे आम्ही म्हणत नाही, तो स्वतःच म्हणायचा. डब्लिनच्या एका कंपनीत त्याची नोकरीच तशी होती. लोकांनी बटण दाबल्यापासून समोर पान उघडेपर्यंत जो वेळ जातो, तो कमी करायचा. आदल्या वर्षी त्याने कुठल्याशा विमा कंपनीचं पान एक पूर्णांक दोन दशांश सेकंद आधी उघडेल अशी व्यवस्था केली, तेव्हा ऑफिसने त्याला काचेचा एक त्रिकोण बक्षीस दिला. सिटीवेस्टच्या नव्या घरात तो टीव्हीशेजारी, येणाऱ्याच्या बरोबर नजरेत भरेल असा ठेवला होता. पण २०२१ साल उजाडलं तेच कुलूपबंद. पाहुण्यांना घरात यायचीच बंदी. त्यामुळे तो त्रिकोण पुसायची मुक्ता आणि बघायचीही मुक्ताच.

मुक्ता म्हणजे उपेंद्रची बायको. आणि या वेगाच्या तज्ज्ञाच्या बायकोच्या मोबाइलवर इंटरनेट रखडत चालायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वसाहत नवी कोरी, रस्ते झाले, दिवे लागले, पण घरोघरी इंटरनेटची तार खणून आणणारी माणसं लॉकडाऊनमुळे येत नव्हती. उपेंद्रला ऑफिसने एक डोंगल दिला होता, तो मात्र भन्नाट पळायचा. "माझा फोन अर्धा तास त्याच्यावर लाव की," असं मुक्ता एकदाच म्हणाली. त्यावर उपेंद्रने तिला दहा मिनिटं ऐकवलं, की माझ्या वडिलांनी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, पण सरकारी पेनाने कधी घरच्या वाण्याची यादी लिहिली नाही. दामल्यांच्या घराण्यात ते होणे नाही. मुक्ता "बरं" म्हणाली. मग भाजीची ऑर्डर असो की आईशी बोलणं असो, सगळं तिच्या पुण्याहून आणलेल्या फोनवर, थांबत थांबत.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये संक्रांत आली.

डब्लिनच्याच ब्लँचर्डस्टाउन भागातल्या सुरेखाताई म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाच्या सर्वेसर्वा. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा सरकारी नियम, तेव्हा त्यांनी हळदीकुंकू झूमवर ठेवलं. वाण म्हणून चहाची गाळणी पोस्टाने घरोघरी गेली. बेचाळीस बायका, पडद्यावर बेचाळीस खिडक्या, आणि प्रत्येकीने उखाणा घेऊन नवऱ्याचं नाव घ्यायचं. मुक्ताने चार दिवस खपून उखाणा स्वतः रचला होता. काळी साडी नेसून ती सोफ्यावर बसली, फोन डब्याला टेकवला. उपेंद्र स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होता. तो काही ऐकत नव्हता, पाणी प्यायला आला होता. पाऊण तास तो पाणीच पीत होता.

मुक्ताची पाळी आली. लुआस म्हणजे तिथली ट्राम, तिच्यापासून तिने सुरुवात केली होती:

"लुआस येते दारात, डोंगर दिसतो लांब,
उपेंद्रराव आहेत माझ्या संसाराचा खांब."

दाराआड खांबाची छाती फुगली. पण बेचाळीस खिडक्यांत काय पोचलं? "डोंगर दिसतो लांब" एवढंच. तिथे जे चित्र अडकलं ते अडकलं. मुक्ताचं तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. नवऱ्याचं नाव आठवत नसावं, किंवा आठवतंय पण घेववत नसावं, असा तो चेहरा. चाळीस सेकंद बायकांनी तो निरखून पाहिला. मग खिडकीच गेली. पुन्हा जोडणी होईपर्यंत गाडी पुढच्या तिघींवर गेली होती.

सोमवारी हरीशचा फोन आला. हरीश हा उपेंद्रचा पुण्यापासूनचा मित्र, हल्ली ब्लँचर्डस्टाउनला असतो.

"काय रे, घरात सगळं ठीक ना?"

"ठीक आहे की. का?"

"काही नाही. आमची ही म्हणत होती, वहिनी नावापाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या म्हणे."

मंगळवारी कुणी एकीने मुक्ताला निरोप पाठवला, की मनमोकळं बोलावंसं वाटलं तर कधीही फोन कर. बुधवारी पुण्याहून उपेंद्रच्या आईने, तिळाचे लाडू कसे झाले ते विचारता विचारता, "तू तिच्याशी नीट वागतोस ना रे?" असं विचारून घेतलं. ब्लँचर्डस्टाउनहून कोथरूडपर्यंत ही बातमी कुठेही न अडकता पोचली, हे विशेष.

"अरे, मी घेतलं ना नाव? तू ऐकलंस ना?" मुक्ता म्हणाली.

"मी ऐकून काय उपयोग? चारचौघांत ऐकू गेलं तर ते नाव. दामल्यांचं नाव अर्ध्या आयर्लंडने ऐकलेलं नाही."

सुरेखाताई मात्र मनाने चांगल्या. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेव्हा त्या दिवशी, म्हणजे एकोणीस फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला समारोप ठेवू, आणि ज्यांचं राहिलं त्यांनी तेव्हा घ्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. "दामलेवहिनींना पहिला मान," असंही लिहिलं. राहिलेल्यांच्या यादीत एकच नाव होतं, हे सगळ्यांना दिसतच होतं. उपेंद्रच्या हातात महिना होता.

"हा माझा विषय आहे," तो म्हणाला, आणि मुक्ताने फोन त्याच्या स्वाधीन केला.

पहिल्या दिवशी त्याने निदान केलं, की फोन फोटोंनी तुंबलाय. त्याने सुप्रभातची फुलं, शुभरात्रीचे चंद्र आणि इतर मिळून दोन हजार चित्रं उडवली. 'इतर' मध्ये मुक्ताच्या आईच्या हस्ताक्षरातलं गोड्या मसाल्याचं प्रमाण होतं, ते त्याला उडवल्यावर कळलं. मग मुक्ता आईला फोन लावून एकेक जिन्नस पुन्हा लिहून घ्यायला बसली. "दगडफूल किती?" असं तिने विचारलं की तिकडे आईचं तोंड हलायचं थांबे. त्या महिन्यात दामल्यांकडच्या आमटीत लवंग दुप्पट होती. जेवताना पाणी जास्त लागायचं.

मग सिम कार्ड काढून, पुसून, परत घालायचं ठरलं. त्याची पिन न उघडलेल्या कुठल्याशा खोक्यात होती, म्हणून मुक्ताच्या कानातल्याची तार वापरली. तार वाकली. सिम टुणकन उडालं आणि नव्या लाकडी जमिनीच्या कडेच्या फटीत गेलं. ते काढायला भिंतीलगतची पट्टी उचकटावी लागली. सिम दुसऱ्या दिवशी मिळालं. पट्टी अजून नीट बसलेली नाही, तिथे उपेंद्रने एक कुंडी ठेवली आहे.

वेग काही वाढला नाही. शेवटी त्याने, अगदी नाइलाजाने, मोबाइल कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी अत्यंत गोड बोलणारी. "आपण पहिल्या पायरीपासून सुरू करू. फोनची सेटिंग उघडा," ती म्हणाली. उपेंद्र म्हणाला, "हे बघा, मी या क्षेत्रातला इंजिनिअर आहे. प्राथमिक गोष्टी सोडा, पुढचं विचारा." तिने चारदा पहिली पायरी सांगितली आणि चारही वेळा त्याने तिला आपलं पद सांगितलं. शेवटच्या वेळी काचेच्या त्रिकोणाचाही उल्लेख झाला. "तुमच्या भागात सिग्नल उत्तम आहे, तुमचा दिवस छान जावो," असं म्हणून तिने फोन ठेवला. उपेंद्रने हे मनाला लावून घेतलं.

एव्हाना बातमी कुंपणापलीकडे गेली होती. शेजारी डेक्लन नावाचे निवृत्त बसचालक राहायचे. ते कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले, "तुमचा सिग्नल ना, तो डोंगर खातात. माझा भाऊ गावाकडे असतो, त्याला फोन करायचा तर गोठ्याच्या छतावर चढावं लागतं. तुम्ही उंच जा, सगळं ग्रँड होईल." आयर्लंडमध्ये सगळंच ग्रँड असतं. भिजलेले कपडे ग्रँड, दुखणारा गुडघा ग्रँड. तरी उंच जायची कल्पना उपेंद्रला शास्त्रीय वाटली. पण आधी मोजणी हवी.

तो रोज जेवणाच्या सुट्टीत मुक्ताचा फोन हातभर पुढे धरून वसाहतीत फिरू लागला. दर दहा पावलांवर थांबायचं, वेग मोजायचा, वहीत लिहायचं. पाऊस असला तरी. घरोघरी पडदे हलायला लागले. चौथ्या दिवशी गार्डांची गाडी हळूहळू त्याच्याशेजारी येऊन थांबली. गार्डा म्हणजे तिथले पोलीस.

"सर, तुम्ही लोकांच्या घरांवर फोन रोखून काय करता आहात?"

"सिग्नल शोधतोय," उपेंद्र मानाने म्हणाला.

गार्डाने त्याच्या भिजलेल्या वहीकडे पाहिलं. "गेलं वर्षभर आम्ही सगळेच तेच शोधतोय," तो म्हणाला, आणि आता घरी जा म्हणून त्याला घराच्या दारापर्यंत, चालत्या माणसाच्या वेगाने, सोबत केली. हे सगळं डेक्लननी पाहिलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सगळं ग्रँड ना?"

मोजणीचा निष्कर्ष असा, की सगळ्यात बरा सिग्नल माळ्यावरच्या खोलीत, छताच्या खिडकीखाली, पलंगावर स्टूल ठेवून त्यावर बसलं तर मिळतो. बरा म्हणजे, चित्र हलतं पण ओठ आणि आवाज यांची भेट होत नाही. तेवढ्याने भागणार नव्हतं. उपेंद्र त्या स्टुलावर बसून बाहेर बघत होता, तेव्हा समोरच्या घरांवरच्या गोल तबकड्या त्याच्या नजरेस पडल्या. तबकडी म्हणजे तरी काय? लहर येते, आपटते, एकवटते. तो धडधडत खाली आला, प्रेस उघडला (कपाटाला तिकडे प्रेसच म्हणतात) आणि मुक्ताची स्टीलची मोठी परात काढली. ही परात मुक्ताने पुण्याहून कपड्यांच्या बॅगेत, साड्यांमध्ये गुंडाळून आणली होती.

"मी कणीक कशात मळू?" मुक्ताने विचारलं.

"दोन आठवड्यांचा प्रश्न आहे," उपेंद्र म्हणाला.

परात किती अंशात धरायची, याचे प्रयोग सुरू झाले. भिंतीवर आलेख लागला. मुक्ता स्टुलावर बसायची, मागे उपेंद्र परात धरून उभा, आणि "आता? आता?" असं विचारायचा. परातीची कड त्याच्या बोटांना रुतायची, खांदे भरून यायचे, पण तो हटला नाही. हे त्याचं कौतुक करायलाच हवं. असल्या निश्चयाने माणसं डोंगर खणतात.

रथसप्तमीचा दिवस उजाडला. सकाळी उपेंद्रला ऑफिसची लांबलचक मीटिंग होती. दुपारी तालीम घ्यायला तो वर आला तेव्हा मुक्ता म्हणाली, "तालीम नको. आज लागेल बघ."

संध्याकाळी सहाला ती मोरपंखी साडी नेसून पलंगावरच्या स्टुलावर चढली. उपेंद्र मागे परात घेऊन सज्ज. कॉल जोडला गेला आणि काय सांगावं, चित्र असं लख्ख, की मुक्ताच्या नथीतला एकेक मोती मोजून घ्यावा. तिने एक श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात उखाणा म्हटला. लुआस दारात आली, डोंगर लांब दिसला, आणि संसाराचा खांब बेचाळीस खिडक्यांत जाऊन पोचला. टाळ्या झाल्या. उपेंद्रच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

"अगंबाई, मागे ही प्रभावळ कसली?" सुरेखाताई म्हणाल्या. "आणि तिच्या कडेला ही दहा बोटं कोणाची?"

"ह्यांचीच," मुक्ता म्हणाली.

"म्हणजे खांब मागेच उभा आहे तर. येऊ द्या पुढे."

खांब पुढे आला आणि त्याने परातीमागचं शास्त्र सात मिनिटं समजावून सांगितलं.

त्यानंतरचा आठवडा उपेंद्रच्या आयुष्यातला सोन्याचा. हरीशने परात लावली आणि फरक पडल्याचं कळवलं. कोणी इडलीपात्र लावलं, त्यालाही फरक पडला. डेक्लननी ओव्हनमधला पत्रा खिडकीत उभा केला आणि "ग्रँड" म्हणाले. मंडळाने मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात शनिवारी 'घरगुती साधनांतून सिग्नलवृद्धी' असं त्याचं व्याख्यानच ठेवलं. उपेंद्रने चौदा स्लाइडी केल्या. तेराव्या स्लाइडवर एक तक्ता हवा होता: परातीविना वेग आणि परातीसह वेग. म्हणून आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो मोजायला बसला.

परातीसह वेग उत्तम आला. परातीविनाही तेवढाच आला. जरा जास्तच आला. त्याने खोली बदलली. स्वयंपाकघरात उत्तम. जिन्यात उत्तम. न्हाणीघरात सगळ्यात उत्तम. तीनदा मोजून तो खाली आला आणि परात ओट्यावर ठेवली. मुक्ता एका लहानशा भांड्यात कणीक मळत होती. तीन आठवडे ती तशीच मळत होती.

"मुक्ता, परातीने काही होत नाही."

"हं."

"हं काय? तुला माहीत होतं?"

मुक्ताने हात पुसले. "रथसप्तमीला तू मीटिंगमध्ये होतास ना, तेव्हा मी कंपनीला फोन केला. तीच मुलगी होती. ती म्हणाली सेटिंग उघडा, मी उघडली. तिथे 'फक्त थ्रीजी' असं निवडलेलं होतं. ती म्हणाली ते बदला, मी बदललं. दोन मिनिटं लागली. त्यातलं एक मिनिट तर माझी विचारपूस करण्यात गेलं."

"पण असा वेडेपणा केला कोणी?" उपेंद्रने चौकशी समितीच्या थाटात विचारलं.

मुक्ताने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा उपेंद्रला कोथरूडच्या फ्लॅटमधला २०१७ सालचा एक रविवार आठवला. मुक्ताचा फोन नवा होता. "फोरजी बॅटरी खातं. दे इकडे, मी करून देतो," असं म्हणून त्याने स्वतःच ते केलं होतं, आणि त्या आठवड्यात चार मित्रांना ही युक्ती सांगितलीही होती. त्यांनी ती पुढे किती जणांना सांगितली, देव जाणे. तो तिथल्याच खुर्चीत बसला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"संध्याकाळी सगळ्यांसमोर तुझं नाव घ्यायचं होतं मला. तुला सकाळीच हे सांगितलं असतं, तर तू तोंड पाडून खालीच बसला असतास. मला तू तिथे मागे हवा होतास." तिने ओट्यावरची परात पुढे ओढली. "पावसात वही घेऊन फिरलास, पोलिसांनी घरी आणून सोडलं, तरी थांबला नाहीस. माझ्यासाठी असं कोणी केलं नव्हतं रे. चूक तुझी होती, पण मला बरं वाटत होतं."

उपेंद्रला लाज वाटली आणि बायकोविषयी इतकं प्रेम वाटलं, की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना. "उद्याच्या व्याख्यानाचं काय करू?" त्याने विचारलं.

"ते तुझं तू बघ," मुक्ता म्हणाली, आणि कणीक परातीत घेतली.

शनिवारी पडद्यावर सगळं मंडळ जमलं, या वेळी नवऱ्यांसकट. उपेंद्र इस्त्रीचा सदरा घालून लॅपटॉपपुढे बसला. रीतसर ऑफिसला मेल पाठवून, मराठी भाषेच्या कारणासाठी तासभर डोंगल वापरायची परवानगी त्याने घेतली होती. मुक्ता सोफ्यावर आपल्या फोनवरून आली होती. 'परात: एक अभ्यास' ही पहिली स्लाइड झळकली. गप्प बसला असता तर काही बिघडणार नव्हतं. इडलीपात्रालाही फरक पडला होताच की. त्याने एकदा सोफ्याकडे पाहिलं. मुक्ता हनुवटीखाली हात घेऊन ऐकायला बसली होती, अगदी मनापासून. त्याने स्लाइड बंद केली.

"परातीने काही होत नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा फोन चार वर्षं हळू चालत होता, कारण तो मीच हळू करून ठेवला होता. पुण्यात. बॅटरी वाचावी म्हणून." आणि सेटिंग कुठे असते, काय निवडलेलं असतं आणि काय हवं, हे त्याने पहिल्या पायरीपासून सांगितलं. मग तो लोक हसायची वाट बघत मान खाली घालून बसला.

कोणी हसलं नाही. उपेंद्रने मान वर केली. हरीशच्या खिडकीत हरीश गुपचूप हात लांब करून बायकोचा फोन ओढून घेत होता. शेजारच्या खिडकीत आणखी एक नवरा तेच करत होता. एकेक पुरुष मान खाली घालून बायकोच्या फोनात डोकावत होता. मग हरीशच्या बायकोची खिडकी गेली, आणि परत आली ती स्वच्छ. आणखी एक गेली, परत आली ती स्वच्छ. अशा सात खिडक्या गेल्या आणि सात लख्ख होऊन परतल्या. शेवटची सुरेखाताईंची. कार्यक्रमांत वर्षभर त्या म्हणजे एक पिवळसर डाग आणि एक आवाज एवढ्याच होत्या. आता त्या ठुशीसकट दिसल्या, मागचं भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि घड्याळाखालून हळूच बाहेर सटकणारे त्यांचे यजमान विनयरावही दिसले.

"अहो, बसा," सुरेखाताई मागे वळून न बघता म्हणाल्या. विनयराव बसले.

उपेंद्र पाहतच राहिला. विमा कंपनीच्या पानाने त्याला सेकंदभराचा आनंद दिला होता. इथे सात घरं त्याच्या डोळ्यांदेखत उजळली होती. त्याची छाती पुन्हा फुगायला लागली, तिला कोण काय करणार.

"उपेंद्रराव," सुरेखाताई म्हणाल्या, "आम्ही बायका इतकी वर्षं अडकत अडकत तुमची नावं घेतली. आता तुम्ही घ्या. उखाण्यासकट."

चौदा स्लाइडी केलेल्या माणसाकडे उखाणा एकही नव्हता. त्याने वर छताकडे पाहिलं, बाहेर डोंगराकडे पाहिलं. यमक काही जुळेना.

"मुक्ता," तो म्हणाला.

सगळे पुढच्या ओळीसाठी थांबले.

"मुक्ता दामले. माझी बायको. बिघाड तिने शोधला."

सगळ्याच खिडक्यांत ते तसंच्या तसं, एकही अक्षर न गळता पोचलं. सोफ्यावर मुक्ताने पदर तोंडाशी धरला, आणि ती हसतेय की रडतेय ते सगळ्या आयर्लंडला स्पष्ट दिसत होतं.